पट्टी बांधलेला तेरडा

आमच्या गल्लीत नवा पाहुणा आला, की चहा होईपर्यंत एक प्रश्न हमखास विचारायचा. "ते शेजारच्या घरातल्या झाडांना काय झालंय हो?" निदान भाद्रपद सरताना येणारा तरी विचारायचाच. कारण त्या दिवसांत लोखंडे सिस्टरांच्या कुंपणालगतचा सगळा तेरडा बँडेजमध्ये असायचा. प्रत्येक फांदीला गॉजची पांढरी पट्टी, पट्टीला आवळ गाठ, गाठीचं उरलेलं टोक कात्रीनं कापलेलं. एखाद्या लग्नाच्या टेम्पोला अपघात व्हावा आणि सगळं वऱ्हाड एकाच वॉर्डात भरती व्हावं, तशी ती रोपं ओळीनं उभी असायची.

सिस्टरांना कुणी थेट विचारलं, तर त्या म्हणायच्या, "त्यास्नी काई झालं न्हाई. दिवस भरल्यात."

तेरड्याचं बोंड पिकलं की नुसत्या स्पर्शानं फुटतं आणि बी चहूकडं उडतं. लहानपणी आपण सगळ्यांनी ते बोटात धरून फोडलेलं असतं. सिस्टरांच्या दारात मात्र ती चैन कुणालाच नव्हती. बोंड पट्टीत फुटायचं, बी पट्टीतच राहायचं, आणि सिस्टर ते इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरून रबरी बूच लावून ठेवायच्या. त्यांची सगळी नोकरी बाळंतपणाच्या वॉर्डात गेली, आधी साताऱ्याला आणि मग सांगलीला. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्माला आलेली. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या शेजारच्या घरात एकट्या राहत होत्या. नवरा एसटीत ड्रायव्हर होता, तो आधीच गेला. लेक साताऱ्यात दिलेली.

बांधा बुटका आणि भरलेला. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. तुमचा हात हातात घेऊन बोलायला लागल्या, की आपण समजायचं, आपुलकी आहे. थोड्या वेळानं लक्षात यायचं, की त्या नाडी मोजतायत. बी पेरायच्या आधी कोपरापर्यंत हात साबणानं धुवायच्या आणि पेरून झालं की मातीत बरबटलेले हात साडीला पुसायच्या. हे उलटं नाही का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मालक, इन्फेक्शन त्याला हुतंय. मला काय हुणार?"

माझं कुपवाडला लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दोन मशिनी आणि तीन माणसं, त्यातलं एक मी. एवढ्यावर त्यांनी मला मालक करून टाकलं होतं. सकाळी मी गाडीला किक मारताना कुंपणापलीकडून आवाज यायचा, "काय मालक, आज गाडी ऑक्सिजनवर दिसतीया!" सगळ्या जगाकडं त्या वॉर्डासारखं बघायच्या. रेशनच्या रांगेत गप्पा रंगल्या, की त्या 'व्हिजिटिंग अवर' संपवायच्या. गल्लीतल्या पाटीलवहिनींची सून माहेराहून परत आली, की म्हणायच्या, "डिस्चार्ज मिळाला वाटतं."

आणि एक वाक्य त्यांच्या तोंडी कायम असायचं. "उगवलं न्हाई म्हंजे मेलं न्हाई."

हे वाक्य त्यांना पहिल्याच वर्षी सुचलं, आणि त्याला कारण त्यांचीच चूक होती. त्यांचं गाव साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगरात. तिथं तेरडा कुणी पेरत नाही, पावसाळ्यात उतारच्या उतार गुलाबी होतात. इथं बंगला बांधून झाल्यावर त्यांनी ठरवलं, की दारात तेरडा लावायचा. गावाहून तांबडी माती तांदळाच्या पोत्यात भरून एसटीनं आणली. कंडक्टर म्हणाला, लगेजचं तिकीट पडेल. तर म्हणाल्या, "माहेरची माती हाय, लगेज कसलं?" तरी तिकीट पडलंच.

माती आली ऐन उन्हाळ्यात. पाऊस येईपर्यंत थांबायला हवं होतं. पण वॉर्डात वाट बघायची सवय असली, तरी घरात ती नव्हती. त्यांनी बोट दोन पेरं खोल खुपसून एकेक बी पेरलं आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला सुरुवात केली. वेळ चुकायची नाही. पानभर हिरवंसुद्धा वर आलं नाही. माझी आई कुंपणाशी उभी राहून हा कार्यक्रम रोज बघायची. एक दिवस तिला राहवलं नाही.

"आवं सिस्टर, रिकाम्या मातीला कशाला पानी पाजताय?"

"रिकामी न्हाई आक्का. पेशंट झोपलाय."

"मेला नसंल कशावरनं?"

"उगवलं न्हाई म्हंजे मेलं न्हाई," सिस्टर म्हणाल्या खऱ्या, पण आवाज बसलेला होता.

खरं तर ते मेलंच होतं. खोल गाडलेलं बी पाण्यानं कुजलं होतं. मात्र बी ज्या कागदात आणलं होतं, तो कागद त्यांनी पेरणी झाल्यावर कुंपणापाशी झटकला होता. पावसाळा लागला आणि त्या झटकलेल्या जागी, दगडगोट्यांत, कुणी पाणी न घातलेलं तेरड्याचं रोप वर आलं. मग दुसरं आणि तिसरं. तेरड्याचं बी वरच्यावर पडलं की त्याला पुरतं, उजेड लागतो त्याला. सिस्टर कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मीच ओव्हरडोस दिला की वं!" चूक कबूल करताना त्यांना एवढी मजा येते, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या रोपांत एक पांढऱ्या फुलाचं निघालं. ते दिसलं, तेव्हा मात्र त्या हसल्या नाहीत. खाली बसल्या आणि बराच वेळ बसूनच राहिल्या. माझी बायको मंजू चहा घेऊन गेली, तेव्हा तिला त्यांनी सांगितलं. सगळ्या डोंगरात गुलाबी तेरडा होता. पांढरा फक्त त्यांच्या आईच्या परड्यात, घराच्या मागच्या भिंतीला लागून होता. आई जाऊन बरीच वर्षं झाली. आता घर नाही, परडंही नाही. तो उतारच कुणीतरी विकत घेतला, मशिनीनं सपाट केला आणि तारेचं कुंपण घातलं. त्याच्या आधीच्या दिवाळीत सिस्टर गेल्या होत्या, तेव्हा कागदात बी बांधून आणलं होतं. "माझ्या आईचं म्हून आता एवढंच हाय बघ," त्या म्हणाल्या.

आता आमच्या आईची गोष्ट सांगायला हवी, कारण सिस्टर आणि आई यांच्यामध्ये नुसतं कुंपण नव्हतं, गौरही होती. आमच्याकडं तेरड्याची गौर असते. तेरड्याची रोपं मुळांसकट आणायची, ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. रोपांच्या जुडीला मुखवटा बांधायचा, साडी नेसवायची आणि तिसऱ्या दिवशी कृष्णेत बोळवायची. आईचं माहेर म्हसवडचं. लग्न होऊन सांगलीला आल्यावर सासूनं जे नियम सांगितले, ते तिनं सासूपेक्षा कडक केले. बाजारात तेरड्याच्या जुड्या मिळतात, पण पुष्कळदा मुळं छाटलेली असतात. दर वर्षी आई भाजीवालीशी भांडायची. "पाय तोडल्याली गौर घरात आणू व्हय मी?"

तेव्हा शेजारच्या दारात मुळांसकट तेरडा उभा राहिलेला पाहून आईचा जीव भांड्यात पडला. ती कुंपणाशी गेली आणि म्हणाली, "सिस्टर, औंदा गौरीला तुमच्यातला तेरडा द्याल का?"

सिस्टर खुरपं खाली ठेवून उभ्या राहिल्या. "न्ह्या की. पण आक्का, एक इचारू? आमच्यात गौर न्हाई. आमी बुद्धाचं मानतो. आमच्या दारचा तेरडा तुमच्या गौरीला चालंल नव्हं?"

आईनं तो प्रश्न ऐकलाच नाही, की ऐकून बाजूला ठेवला, हे मला आजवर कळलेलं नाही. ती रोपांच्या बुडाकडं बघत होती. म्हणाली, "मुळं धड निघतील नव्हं?"

सिस्टरांना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून हसत घरात गेल्या. त्यांना एवढं कसलं हसू आलं, ते मंजूला नंतर समजलं. त्यांच्या लहानपणी गावातल्या बायका गौरीसाठी सगळा डोंगर तुडवायच्या, पण सिस्टरांच्या वस्तीच्या बांधावरच्या तेरड्याला हात लावायच्या नाहीत. "आमच्या बांधाचा तेरडा तिथंच वाळायचा," त्या म्हणाल्या. मला हे मंजूकडून कळलं आणि त्या दिवशी दिवसभर माझं मशिनीवर लक्ष लागलं नाही. आईला सांगितलं, तर तिनं हातातली वात वळून संपवली. मग म्हणाली, "मंग बी लय पडत असंल त्यांच्या बांधावर." आईची माया ही अशी आडवाटेनं येते, ज्यानं त्यानं ओळखून घ्यावी.

पुढं दर वर्षीचा रिवाज पडला. सिस्टर दाट पेरायच्या. रोपं टीचभर वाढली, की गर्दी होते, काही काढावीच लागतात. पण त्या ती तेव्हा काढायच्या नाहीत. गौरी येईपर्यंत थांबायच्या आणि मग गल्लीतल्या बायकांना बोलवून घ्यायच्या. कुठलं रोप काढायचं, ते स्वतः ठरवायच्या. खुरप्यानं भोवतीची माती सैल करून मुळं अलगद सोडवायची, ओल्या फडक्यात गुंडाळायची आणि दोन्ही हातांवर आडवं घेऊन समोरच्या बाईला द्यायचं. देताना ठरलेलं वाक्य. "मुलगी हाय. पेढे आणा." सारी नोकरी त्यांनी हेच वाक्य बोलण्यात घालवली होती. पाटीलवहिनींनी एका वर्षी खरंच पेढे आणले, तर म्हणाल्या, "पाव किलोच? मुलगी झाली म्हून हात आखडता व्हय?"

पांढरा मात्र कुणाला द्यायच्या नाहीत. दर वर्षी त्याची दोनचार रोपं निघायची, ती कडेला वेगळी. गौरी गेल्या की राहिलेल्या सगळ्या रोपांना पट्ट्या बांधायच्या, पांढऱ्याला दुहेरी.

मंजू एकदा आईला म्हणाली, दोन रोपं आपल्या अंगणातही लावू या. आई कडाडली. "आपल्याच दारातनं आपल्याच घरात आली, तर ती आली कुठनं? माहेरवाशीण हाय ती. दुसऱ्याच्या दारातनंच याया पायजे."  आम्ही अंगणात मिरच्या लावल्या.

एका म्हणीवरून माझंही सिस्टरांशी वाजलं होतं. माझ्याकडं एक कारागीर लागला. पहिल्या दिवशी काय उत्साह, मशीन पुसून लख्ख केली. चौथ्या दिवसापासून गायब. मी कुंपणाशी सहज म्हणालो, "तेरड्याचा रंग तीन दिवस, दुसरं काय!" सिस्टर अशा भडकल्या, की मी गाडीवरून खाली उतरलो.

"तीन दिवस? ह्ये बघा, कवापासनं फुलतोय. अजून महिनाभर फुलंल. तुमी तीन दिवस पुजता आन् पाण्यात टाकता. मग रंग तीनच दिवस टिकणार की! आणि वर नाव तेरड्याला?"

त्या दिवसापासून मी ती म्हण सोडली. कारागीर मात्र परत आला नाही.

मग ते वर्ष आलं. सिस्टरांचे गुडघे कधीचेच कुरकुरत होते. लेकीनं हट्ट धरला आणि ऑपरेशनसाठी त्यांना श्रावणातच साताऱ्याला नेलं. जाताना त्यांनी किल्ली आईकडं दिली. तेरड्याकडं बोट करून म्हणाल्या, "आक्का, वॉर्ड तुमच्या ताब्यात. गौरीला ज्याला त्याला एकेक द्या. पांढऱ्याला जपा."

आईनं किल्ली कनवटीला लावली आणि जबाबदारी अशी घेतली, की विचारू नका. दिवसातनं चारदा कुंपणाशी जाऊन यायची. त्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळं गौरी उशिरा आल्या. तेरडा कमरेएवढा वाढला होता, खालची बोंडं पिकायला लागली होती आणि वर फुलं तशीच होती. गौरी यायच्या दिवशी सकाळपासून बायका यायला लागल्या. आई प्रत्येकीला बजावायची, "एकच न्ह्यायचं बरं का." आणि प्रत्येक बाई एकच न्यायची. पाटीलवहिनींनी एक नेलं. त्यांच्या जावेनं एक नेलं. मागच्या गल्लीत बातमी गेली, तिथल्या बायका आल्या. त्याही बिचाऱ्या शब्दाला पक्क्या, त्यांनीही एकेकच नेलं. नियम कुणी मोडला नाही. फक्त किती एक झाले, ते बघायचं आईच्या डोक्यात आलं नाही.

ती स्वतः थांबली होती नक्षत्रासाठी. गौर अनुराधा नक्षत्रावर आणायची, आणि त्या दिवशी पंचांगानं ते उशिरा दिलं होतं. दिवेलागणीला आई तांब्या आणि हळदकुंकू घेऊन शेजारी गेली. त्या संधिप्रकाशात तिला कडेला एक रोप दिसलं. पांढरं फूल होतं. बाजार बंद होत आला होता, गौर दारात खोळंबली होती. मागं अजून पांढरी असतील, असं तिला वाटलं. तिनं ते उपटलं.

आमच्या घरी त्या वर्षी पांढऱ्या तेरड्याची गौर बसली. दुसऱ्या दिवशी आरतीला आम्ही उभे असताना ताम्हनात टिक करून काहीतरी वाजलं. मग एक कण माझ्या कानावर आदळला. घरातल्या उबेनं बोंडं फुटत होती. आई हात जोडून म्हणाली, "गौर हसली."

पण आईचं स्वतःचं हसू त्या दिवशी सकाळीच संपलं होतं. उजाडल्यावर ती शेजारी जाऊन आली, तेव्हा तिथं नुसते खड्डे होते.

सिस्टर नवरात्रात परत आल्या, वॉकर घेऊन. सोबत लेक होती. फाटकातून आत आल्या आणि त्या रिकाम्या ओळीपुढं थांबल्या. आई कुंपणाशी उभी होती, मी तिच्या मागं. आईनं सगळं सांगितलं. नक्षत्र सांगितलं, एकेक सांगितलं, पांढरं तिनंच उपटलं तेही सांगितलं. काही लपवलं नाही. मी विचारलं, "सिस्टर, गेल्या वर्षीचं बाटलीतलं बी असेल ना?"

"न्हाई मालक. जुनं ठिवत न्हाई मी. एक्सपायरी झालं की टाकून द्यायाचं, सवय हाय."

मग त्या हसल्या. हसता हसता डोळे भरले. "गावात आमच्या बांधाचा तेरडा कुणी न्हेत नव्हतं," त्या म्हणाल्या, "आणि हितं समद्यांनी न्हेला, एक ठिवला न्हाई. आता मी रडू का हसू, सांगा आक्का."

 आईनं किल्ली परत दिली आणि ती घरात आली. नंतर तिनं कुंपणाकडं जाणंच सोडलं. दोघींचं भांडण झालं नव्हतं, झालं असतं तर बरं. सिस्टर मंजूशी बोलायच्या, माझ्या गाडीला ऑक्सिजन लावायच्या, पण आईची हाक त्यांच्या दिशेनं जात नव्हती. संक्रांतीला आईनं तिळगूळ मंजूच्या हाती पाठवला. स्वतःच्या हातानं काही देण्याची तिची हिंमत होत नव्हती. मला आईचं वाईट वाटायचं आणि सिस्टरांकडं बघून जास्त वाईट वाटायचं. दुसरीकडं कुठं पांढरा तेरडा मिळतो का, म्हणून मी नर्सऱ्या फिरलो. तिथं गुलाबासारखा भरगच्च पाकळ्यांचा मिळाला. सिस्टरांना दाखवला. त्यांनी मान हलवली. "छान हाय. पर हा दुसऱ्याचा पोरगा हाय."

उन्हाळा गेला. पावसाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. मंजू मला म्हणाली, "आईंचं काहीतरी बिनसलंय. तुळशीतलं गवत काढत नाहीत त्या." ही खरंच काळजीची गोष्ट होती. आमच्या तुळशीवृंदावनात तुळशीखेरीज एक पान उगवायची टाप नाही. आई रोज अंघोळ झाली की पहिला हात तिथं फिरवते. मी जाऊन बघितलं, तर तुळशीच्या बुडात कातरलेल्या पानांची पाचसहा रोपं उभी होती. आई शेजारी पाटावर बसून त्यांना नुसती न्याहाळत होती.

"काढू का गं?" मी हात पुढं केला.

आईनं माझ्या हातावर फटका मारला. ह्या वयात मार खाल्ला मी. मग हळूच म्हणाली, "गौरीचं निर्माल्य मी हितंच घातलं हुतं. तीन दिवसांत गळल्याली फुलं, ताम्हनातलं समदं. ती हसली नव्हती का तवा?"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. बोळवलेली गौर कृष्णेत गेली, पण तिचं बी घरात उडालं होतं. जाजमावर, ताम्हनात, फुलांत. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून आईनं ते तुळशीला घातलं होतं. गल्लीत सगळ्याच घरी हाच रिवाज. मी चप्पल घालून तसाच पाटीलवहिनींच्या अंगणात गेलो. त्यांना गवत काढायचा पहिल्यापासून कंटाळा. त्यांच्या तुळशीत तर तेरड्याचं जंगल माजलं होतं.

"मग सिस्टरांना सांग की!" मी आईला म्हणालो.

"नगं. फूल येऊ दे. गुलाबी निघाला तर? परत आशा लावायची आन् परत..." तिनं वाक्य सोडून दिलं.

पण फुलापर्यंत थांबणं तिला जमलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं आपणहून कुंपणाशी जाऊन हाक मारली. "सिस्टर, वाईच या हिकडं. पेशंट बघायचा हाय."

सिस्टर काठी टेकत आल्या. तुळशीपासून चार पावलांवर थांबल्या आणि विचारलं, "आक्का, चप्पल काढू?"

"ऱ्हाऊ दे वं. गुडघं नवं हाईत तुमचं, वाकू नका," आई म्हणाली आणि मंजूला पाट आणायला सांगितला. सिस्टर तुळशीला टेकून पाटावर बसल्या. चष्मा पुसला. एकेका रोपाचा खोडाजवळचा भाग दोन बोटांत धरून बघू लागल्या. मला वाटलं, नाडी मोजतायत.

"तेरड्याचं फूल रंगीत असलं, की दांडा तांबूस असतो," त्या सांगत होत्या. "हा तांबूस. हा बी तांबूस. ह्यो..."  त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "आक्का, ह्यो हिरवा हाय का बघा. मला नीट दिसंना."

आई वाकली. "हिरवागार हाय."

"तांबूस जरा बी न्हाई?"

"न्हाई वं. काकडीवाणी हिरवा हाय."

 आईनं खुरपं घेतलं. कुणाला हात लावू दिला नाही. तुळशीच्या मुळाला धक्का न लावता तिनं भोवतीची माती सैल केली, ते रोप अलगद सोडवलं आणि स्वयंपाकघरातून स्वच्छ फडकं भिजवून आणायला मंजूला पिटाळलं. फडक्यात रोप गुंडाळलं, दोन्ही हातांवर आडवं घेतलं आणि सिस्टरांपुढं धरलं.

"मुलगी हाय," आई म्हणाली. "पेढे आणा."

मी पटकन गाडीकडं गेलो. किक मारायची सोडून नुसता उभा राहिलो. मागं त्या दोघी हसत होत्या की रडत होत्या, मी वळून पाहिलं नाही.  त्या दिवशी पेढे मीच आणले, आणि पाव किलो आणले नाहीत.

ते रोप पांढरंच निघालं. सिस्टरांनी त्याला चार बाजूंनी विटा लावल्या. इतर घरांच्या तुळशींतून गुलाबी रोपंही परत आली. त्या वर्षी आमची गौर पाटीलवहिनींच्या दारातून आली आणि पाटीलवहिनींची मागच्या गल्लीतून. सिस्टर काठी घेऊन सगळ्या तुळशींचा राऊंड घेत होत्या आणि कुठलं रोप काढायचं, ते त्याच ठरवत होत्या.

त्या पावसाळ्यानंतर लेकीनं त्यांना कायमचं साताऱ्याला न्यायचं ठरवलं. एकट्या राहण्यासारखे गुडघे नव्हते, त्यांनाही ते पटलं. घर भाड्यानं दिलं. आता त्या तिथं असतात, फोनवर आईची साखर विचारतात आणि खोटं सांगितलं तर ओळखतात.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती, सामान चढलं होतं. सिस्टर एकट्या कुंपणाशी गेल्या. पांढऱ्या तेरड्यावर टपोरी पिकली बोंडं लगडली होती. मी गाडी पुसत होतो. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या वर्षी एकाही फांदीला पट्टी नव्हती.

"सिस्टर, बँडेज राहिलं की!"

"जखम भरली की पट्टी सोडायाची असती, मालक," त्या म्हणाल्या. "एक बाटली भरून घेतलीया. ऱ्हायल्यालं हितंच ऱ्हाऊ दे."

आणि ज्या बाईनं गल्लीतल्या एकाही पोराला बोंडाला हात लावू दिला नाही, तिनं स्वतः एक बोंड दोन बोटांत धरलं आणि दाबलं. फट्. बी कुंपणावरून आमच्या अंगणात उडालं. त्यांनी दुसरं दाबलं, मग तिसरं. परकरातल्या पोरीसारख्या हसत होत्या. आई ओसरीवर उभी राहून बघत होती. लेकीनं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा सिस्टर गाडीत बसल्या. आई गाडीपाशी आली, तसं काचेतून हात बाहेर काढून त्यांनी तिचं मनगट धरलं. किती वेळ धरलं, ते आतल्या बाजूच्या घड्याळालाच ठाऊक.

गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. मंजूनं अंगण झाडायला केरसुणी उचलली.

"ठेव ती," आई म्हणाली. "माणूस आत्ता गेलंय. लगीच झाडू न्हाई."

दुसऱ्या दिवशी मंजूनं पुन्हा केरसुणी घेतली, तर आईनं पुन्हा तेच सांगितलं. पावसाळा येईपर्यंत अंगणाचा तो कोपरा कुणाला झाडू दिला नाही.

मी एकदा तिला डिवचलं. "आई, आपल्याच दारातला तेरडा आपल्या गौरीला चालत नाही ना?"

"आपला कुठला?" ती म्हणाली. "सिस्टरांच्या दारातनं आलाय."